पहिल्या पानावरचं नाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — पण मान खाली घालून नाही, एवढं आधीच ध्यानात ठेवा.

साठच्या दशकात मी आखातातल्या देरा बंदरात कासमशेठच्या लाकडाच्या पेढीवर कारकून होतो. शेठ आमच्याच रत्नागिरीकडचे. एका इटालियन इंजिनीअरनं त्यांना जुन्या पोथीचे फोटो दाखवले — चार-पाचशे वर्षांपूर्वी त्याच्या मुलखातल्या कुणा सरदारानं आपल्या उस्तादाकडून तलवारीचे डाव लिहून-काढून घेतले होते. झालं, शेठ हट्टालाच पेटले. आपल्या लाठीचीही अशी पोथी हवी!

डाव सांगणार दाऊदचाचा. गलबतांवर माल चढवणारे, आमच्या गावचे नावाजलेले लाठीवाले — आणि अंगठेबहाद्दर. चित्रं आणि अक्षर माझं. वर्षभर, जुम्म्याच्या नमाजानंतर, ते गोदामात काठी फिरवायचे आणि मी रेघा ओढायचो. अट एकच: पहिल्या पानावर त्यांचं आणि त्यांच्या उस्तादांचं नाव हवं. दुसरं काही मागितलं नाही त्यांनी.

मग मी काय केलं? थांबा — त्याआधीचं ऐका. एकदा मी म्हटलं होतं, चाचा, मलाही शिकवा. ते हमालांसमोर खो खो हसले. "अरे, तेरा हात कलम का है! काठीला कलेजा लागतो. खलास!" पुढे कित्येक महिने हमाल मला 'कलम' म्हणूनच हाका मारायचे. राग आला? आला. अजून आहे.

पहिल्या पानावर उस्ताद म्हणून मी नाव घातलं ते कासमशेठचं. शेठनं सांगितलं होतं? छे! शेठनं तर चाचांचंच नाव सांगितलं होतं. पान पाहून ते गप्प बसले, ते त्यांचं पाप. माझं माझ्यापाशी.

चाचा गेले. गावात आज ती पोथी वाचून शेठनाच उस्ताद म्हणतात. एका ओळीची दुरुस्ती होती. चाचा असताना केली नाही, नंतरही नाही. वय लहान होतं, परमुलूख होता — असलं काही मी ऐकवणार नाही.

पोथी पुरी झाली त्या दिवशी चाचा हातपाय धुऊन आले. म्हणाले, वाच. मी त्यांचं नाव वाचलं — जे तिथं नव्हतंच. त्यांच्या उस्तादांचंही वाचलं. चाचांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, मग ते बोट डोळ्यांना लावलं. शेठ खिडकीबाहेर बघत राहिले.

"फिर से वाच," चाचा म्हणाले.

मी परत वाचलं. या वेळी आवाज जास्त मोकळा लागला.