दुसऱ्यांदा फुगवलेला फुगा

आई बोरीच्या उपकेंद्रात नर्सबाई होती. अर्ध्या गावाला तिच्या हातची सुई टोचलेली. दवाखान्याला ती कधी भ्यायची नाही. भ्यायचो मी, मानवतला शाळेत गणित शिकवणारा तिचा एकुलता मुलगा.

गेल्या वर्षी ती अंगणात चक्कर येऊन पडली. परभणीत तपासणी केली, तर हृदयातून रक्त बाहेर सोडणारी झडप चुना साचून कडक झालेली. मग मोठ्या शहरात गेलो. तिथले डॉक्टर म्हणाले, या वयात छाती उघडायला नको. जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी वर नेऊ, फुग्यानं जुनी झडप रुंद करू आणि तिथंच नवी बसवू.

"फुगा फुगल्यावर रक्ताची वाट बंद व्हत असंल की," आईनं विचारलं.

"हो. तेवढे काही सेकंद आम्ही हृदय मुद्दाम इतकं पळवतो, की त्यातून रक्त जवळजवळ बाहेर पडतच नाही. म्हणजे फुगा जागचा हलत नाही."

किती साध्या आवाजात सांगितलं त्यांनी! मी खुर्चीचा हात धरून बसलो. आई म्हणाली, "बरं. कवा करायचं?"

ठरल्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. पूर्ण भूल नव्हती, नुसती गुंगी. तासाभरानं दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले. झालं, असं समजून मी उठलो.

"नवी झडप बसली, पण कडेनं रक्त मागं गळतंय. फुगा परत फुगवावा लागेल. त्यात झडपेभोवतीची कड फाटण्याचा धोका आहे. फाटली तर लगेच छाती उघडावी लागेल. सांगून करावं म्हणून आलो."

मी त्यांच्यामागच्या दाराकडं बघितलं.

"त्या जाग्या आहेत. त्यांनाही विचारलं."

"काय म्हणाली?"

"काम अर्धं कशाला ठेवता, फुगवा, म्हणाल्या."

मी मान हलवली. दार बंद झालं. मन दुसरीकडं लावावं म्हणून सातचा पाढा म्हणायला लागलो, तर सात त्रिक एकवीसच्या पुढं काही आठवेना. रोज पोरांकडून म्हणून घेणारा मी, भिंतीकडं बघत तेवढंच पुन्हा पुन्हा पुटपुटत राहिलो.

गळती जवळपास थांबली. कड फाटली नाही. संध्याकाळी मला तिच्याजवळ सोडलं.

"पैल्या टायमाला डोळ्यापुढं अंधार आला, पर आवाज येत व्हते," ती म्हणाली. "दुसऱ्या टायमाला आवाज बी गेले. मला वाटलं, मी गेले."

"मग?"

"मग कुणीतरी म्हणलं, बीपी परत आला. तू जेवलास का न्हाई?"

मी तिचं पांघरूण नीट केलं. दुसऱ्यांदा फुगवायला मान मी हलवली होती.

आता ती गावभर हिंडते, कुठं टेकत नाही. दारात बायका जमल्या की सगळं रंगवून सांगते. 'दुसऱ्या टायमाला' हे शब्द आले की मी उठून आत जातो.