राजाचं नाव घेताना

मी निघाले त्या दिवशी विमानतळावर अण्णा माझ्याशी कमी आणि दारावरच्या सुरक्षारक्षकाशी जास्त बोलले. कंत्राटी आहेस का, पीएफ कापतात का, आठवड्याची सुट्टी तरी देतात का. आई माझ्या बॅगेच्या चेना ओढून बघत होती आणि अण्णा त्या माणसाला संघटना का हवी ते सांगत होते. मी आत शिरणार तेवढ्यात ते लगबगीनं आले आणि म्हणाले, "तिथं कुणापुढं वाकायचं नाही." आई म्हणाली, "स्वेटर वरच्याच पिशवीत आहे." एवढ्यावर मी देश सोडला.

इचलकरंजीत आमच्या घरी कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. अण्णा शाळेत मास्तर आणि शाळा सुटली की यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचे. मी त्या पत्रकांवरच वाचायला शिकले. 'बोनस' हा शब्द मला 'बदक'च्या आधी वाचता आला. राजा, जहागीरदार, सावकार हे शब्द आमच्या घरात शिवीसारखेच वापरले जायचे.

आणि मी येऊन पडले बर्फाच्या देशात, हॅमिल्टनला. पोलादाचं गाव, त्यामुळे पहिल्याच दिवशी ओळखीचं वाटलं. शिकले, बेसमेंटमध्ये राहिले, कॉफीच्या दुकानात पाय दुखेस्तोवर उभी राहिले, दुसऱ्यांच्या ड्राइव्हवेवरचं बर्फ उपसलं, पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना मिळवला. मग सवय गेली नाही म्हणून पत्रकं लिहायला लागले. घरमालकानं हिवाळ्यात हीटिंग दुरुस्त केलं नाही तर भाडेकरूंनी काय करायचं, असली. नगरपालिकेच्या निवडणुकीत एका उमेदवाराची पत्रकं घेऊन दारोदार हिंडत असताना एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "तू स्वतः मत देणार का याला?" मी म्हटलं, मला मत नाही. त्या म्हणाल्या, "मग मुली, आधी ते मिळव, नंतर माझ्या दारात ये." बोलल्या गोडच, पण मला लागलं. खरंच होतं ते. मत नसेल तर मी पाहुणी, आणि पाहुण्यानं घरात बदल सुचवायचे नसतात.

मी सिटिझनशिपला अप्लाय करायचं ठरवलं आणि शपथ वाचली. राजाशी एकनिष्ठ राहीन. त्याच्या वारसांशीही. इंग्रजांचा राजा तोच कागदोपत्री इथलाही राजा. मी ते दोनदा वाचलं. माझी रूममेट मृणाल, नागपूरची, पास्ता ढवळत म्हणाली, "अगं, दोन मिनिटांचं काम आहे. सगळे बोलतात, फोटो काढतात, केक खातात." तिच्या बाबांनी आयुष्यात पत्रक काढलं नव्हतं. मला अण्णा दिसत होते. हे फोनवर सांगायची माझी छाती झाली नाही. तोंडावर सांगायचं ठरवून मी थंडीत घरी गेले, आणि आई म्हणाली, "वाळवंट बघायचं राहिलंय माझं." आयुष्यभर अण्णा तिला म्हणत आले होते, "राजांचे वाडे बघायला मी येणार नाही." या वेळी काय झालं कुणास ठाऊक, ते आले.

जोधपूरचा किल्ला आधी खालून बघितला. डोंगर कुठं संपला आणि भिंत कुठं सुरू झाली ते कळत नाही. वर जायला लिफ्ट आहे, कानात माहिती सांगणारं यंत्र आहे, तटावरून निळी घरं दिसतात आणि त्या घरांच्या गच्च्यांवर पाण्याच्या काळ्या टाक्या आणि पतंग. अण्णा त्या यंत्राशी भांडत होते. ते हत्तीच्या चांदीच्या अंबारीचं वर्णन करायला लागलं की अण्णा विचारायचे, "आणि दुष्काळाच्या वर्षी?" पण पावसाचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून डोंगरात काढलेले चर आणि टाकी पाहिली तेव्हा ते जरा थांबले. "पाण्याचं काम चोख आहे," म्हणाले. अण्णांच्या तोंडून एखाद्या राजवटीबद्दल मी ऐकलेलं हे पहिलं चांगलं वाक्य. दरवाज्यापाशी सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे आहेत, शेंदूर लावलेले. लोक हात जोडत होते. अण्णा मान खाली घालून पुढं गेले.

खाली गावात जुनी बारव आहे. कचरा उपसून ती साफ केली, आता भोवती कॅफे आहेत. पोरं वरच्या पायऱ्यांवरून पाण्यात उड्या मारतात आणि कॅफेतले लोक माना वळवून बघतात. आईनं तिथं कापुचिनो मागवली आणि साखरेच्या चार पुड्या घातल्या. "बारव जिवंत ठेवली बघ," ती म्हणाली. मी इतक्या देशांतल्या पोरांना हॅमिल्टनला भेटते, त्यांना आपल्या जुन्या वस्तू एक तर काचेत ठेवायच्या असतात नाहीतर पाडायच्या. वापरायची कला या गावांना येते.

बिकानेरला लाल दगडाच्या हवेल्या. एवढं नाजूक कोरीव काम की लाकूड वाटावं, आणि त्याच भिंतीला एसीचा डबा, वीजमीटर, वाळत घातलेला पंचा. अण्णांना मात्र आवडली ती एक साधी भिंत. सोलर पॅनेलसाठी खेजडीची, म्हणजे आपल्या शमीची, झाडं तोडू नका, असं मोठ्या अक्षरांत कुणीतरी रंगवलं होतं. "अक्षर चांगलं आहे," म्हणत त्यांनी फोटो काढला. मग जैसलमेरच्या रस्त्यावर ती पॅनेल दिसली, डोळे दिपतील इतकी, आणि पुढं पवनचक्क्या, आणि त्यांच्याखालून उंटगाडी. मी आईला म्हटलं, विजेसाठी हे बरोबरच आहे. अण्णा म्हणाले, "आणि झाडं तोडू नका म्हणणारेही बरोबर आहेत. सोपं असतं तर पत्रक कशाला लागलं असतं?"

जैसलमेरचा किल्ला मी विसरणार नाही, कारण त्यात माणसं राहतात. तिकीट काढून बघायचा किल्ला नव्हे, दूध नासलं म्हणून भांडणं होणारा किल्ला. बोळातून स्कूटर येते, मागून गाय. मध सांडावा तसा सगळा दगड. आणि घरांच्या दर्शनी भिंतींवर गणपती काढून लग्नाची निमंत्रणं रंगवलेली. नवरा, नवरी, तारीख. गल्लीतून जाईल त्याला आमंत्रण. अण्णा एकेका भिंतीपुढं थांबून वाचत होते. एका दारात राजस्थानी बाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. आईनं तिच्या हिंदीत विचारलं, "ये बेटी का शादी कब हुआ?" त्या हसून म्हणाल्या, "कब की हो गई. अब तो सूरत में रहती है. नाम यहीं है." आई तिथंच पायरीवर टेकली आणि वाटाणे सोलायला लागली.

तेव्हा मी सांगितलं. मराठीत, त्यामुळे त्या बाईंना कळलं नाही. शपथेचं सांगितलं, राजाचं, वारसांचं.

अण्णांनी भिंतीवरची तारीख पुन्हा वाचली. मग म्हणाले, "आम्ही इथले घालवले, आणि तू तिकडं जाऊन नवा शोधलास?"

"मत हवं असेल तर हेच आहे, अण्णा."

"आणि तू म्हणणार? एकनिष्ठ?"

आईनं शेंग सोलता सोलता वर न बघता म्हटलं, "मी निपाणीहून आले तेव्हा तुमच्या बहिणींनी दार अडवलं होतं. नाव घे, मग आत ये. माझी तुमच्याशी धड ओळखही नव्हती. घेतला उखाणा. त्यात तुम्हाला काय काय म्हटलं होतं माहितेय ना? चंद्र म्हटलं होतं."

अण्णांनी पायरीवर पडलेला एक वाटाणा उचलून तिच्या हातात दिला.

"आत आले. पुढं घर कुणी चालवलं? चंद्रानं?"

बाईंना भाषा कळली नाही, पण आईचा सूर कळला. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. अण्णाही हसले, पण थोडंच. मग त्यांनी जो प्रश्न विचारला त्याची तयारी मी केली नव्हती. "इथलं मत?"

"जाईल," मी म्हटलं. "येता येईल कायम, कार्ड मिळतं. मत नाही."

पहिल्यांदा मतदान केलं तेव्हा अण्णा माझ्यासोबत आले होते, बोटावरची शाई वाळेपर्यंत माझा हात धरून. किल्ल्यातून खाली उतरताना ते एकटेच पुढं चालले. दरवाज्यापाशी थांबले, आम्ही पोचल्यावर म्हणाले, "तिथं वाया घालवू नकोस मग."

हॅमिल्टनच्या हॉलमध्ये मी शपथ पूर्ण आवाजात घेतली. पुटपुटणं मला लबाडी वाटली असती. राजाचं नाव आलं, ते उखाण्यासारखं घेतलं. नंतर कायदा पाळीन, नागरिकाची कर्तव्यं पार पाडीन, हे आलं तेव्हा मात्र आवाज आपोआप चढला. पहिलं मत देऊन आले आणि अण्णांना फोन केला. कुणाला दिलं ते ऐकून ते म्हणाले, "चुकलीस," आणि त्यांनी कधी न पाहिलेल्या वॉर्डाचं राजकारण मला समजावत बसले.

मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, आपण एकमेकांना विचारत असतो की आता घर कुठलं. मी एकच कसोटी लावते, तिथलं वाईट बघून मला काय वाटतं ही. पहिल्या हिवाळ्यात इथल्या पार्कात बर्फात तंबू ठोकून राहणारी माणसं दिसली तेव्हा मला राग आला होता. श्रीमंत देश आणि हे असं, म्हणून मी घरी फोन करून तावातावानं बोलले होते. परवा त्याच पार्कातून ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन चालले होते. तंबू होतेच. या वेळी राग आला नाही. लाज वाटली.