गाडीपुरता सिनेमा

माझी नात गोंदियाच्या कॉलेजात शिकते आणि सुट्टीत घरी आली की मला खोटारडा ठरवते. म्हणून हे लिहून राहिलो. शाळा माझी तिसरीपर्यंतच झाली, पण आपली बाजू मांडायला तेवढी पुरते.

जवानीत मला सिनेमाचा भारी नाद. आमचं गाव दरेकशाच्या जंगलातलं आणि टॉकीज गोंदियाला. दुपारचा शो पाहायचा, संध्याकाळच्या पॅसेंजरनं परतायचं. पण शो सुटायच्या आधी गाडी सुटायची. त्यानंतर गाडी नव्हती, आणि घरी मायशिवाय बैलांना चारा घालणारं कोणी नव्हतं. म्हणून पडद्यावर सगळे रडायला लागले, की मी लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर निघायचो आणि स्टेशनाकडे पळायचो. एवढे सिनेमे पाहिले, पण शेवट एकाचाही पाहिला नाही.

गावात मात्र सगळे माझी वाट पाहत. धानाचा रोवणा चालू असला की बांधीतल्या चिखलात वाकलेल्या बाया म्हणायच्या, "सांग ना रे, काय पाहून आला?" मी हिंदी सिनेमा आपल्या बोलीत सांगायचो. आता अर्धं सांगून "पुढचं मले ठावं नाही" म्हणणाऱ्याला कोण ऐकेल? दरेकसा स्टेशनापासून घरापर्यंत जंगलातली वाट आहे. त्या वाटेनं चालता चालता मी शेवट जुळवायचो. घर येईपर्यंत तो पक्का झालेला असायचा.

हे सगळं उघडं पडलं मोबाईलमुळे. लहानपणापासून माझ्याकडून ऐकलेले सिनेमे नातीनं एकेक करून पाहिले. परवा मी घरापुढच्या छपरीत पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसलो होतो, तर ती समोर येऊन उभी राहिली.

"आबाजी, तुमच्या सिनेमातला डाकू शेवटी मास्तर होते. इथं त्याले फाशी होते."

"मंग?"

"मंग काय, खोटं सांगितलं तुम्ही."

"फाशी देऊन कोणाचं भलं झालं? त्या गावच्या शाळेले मास्तर नव्हता."

ती हसली नाही. म्हणाली, "आज टीव्हीवर आजीले तिचा सिनेमा लावून देतो."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

बुडीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, सिनेमा कोणता, ते सांगतो. आमचं लग्न झालं त्या साली माझ्या मायनं पाहुण्यांसमोर हिला टोमणा मारला, की तुझ्या माहेरी भात रांधतात का चिखल करतात. हिनं पाहुण्यांना जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी गाठोडं उचलून सालेकशाकडे माहेरी निघून गेली. मी आणायला गेलो, तर आली नाही. पुन्हा गेलो, तरी नाही.

मग एकदा गोंदियाहून सिनेमा पाहून परतताना मी दरेकशापर्यंत न जाता सालेकशालाच उतरलो. सासऱ्याच्या छपरीत बसलो आणि नुकताच पाहिलेला सिनेमा सांगू लागलो. त्यात हवेलीवाली सासू सुनेला घराबाहेर काढते. सून उंबरठ्यावर बसून रडते. तिथं मला गाडीसाठी उठावं लागलं होतं. पण ही दाराआड उभी राहून ऐकत होती, बांगड्या वाजल्या होत्या. आणि त्या दिवशी वाटेत शेवट जुळवायला जंगलही मिळालं नव्हतं. तोंडात आलं ते बोललो. म्हटलं, शेवटी सासू स्वतः पायी चालत सुनेच्या माहेरी गेली आणि म्हणाली, चल घरी, भात तूच रांध.

दाराआडून आवाज आला, "मंग तुमच्या मायलेबी सांगा, पायी या मनावं."

सासरा उगाच खोकला. मी अडकलो.

पायी घरी येऊन मायला तोच सिनेमा सांगितला. ती सुपात तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "हवेलीवाली होती म्हंतेस?"

"मोठी हवेली."

"अन् तरी गेली?"

"पायी."

मायनं सूप खाली ठेवलं. सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसली आणि चालू लागली. सूर्य बुडायच्या आत दोघी सोबत घरी आल्या. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

तर परवा नातीनं मला सांगितलं, की खऱ्या सिनेमात सून त्याच उंबरठ्यावर सासूचे पाय धरून मरते. मेल्यावर सासू रडते.

मी म्हटलं, "नको लावू."

"काऊन? भेता का?"

भीत होतो. एवढ्या संसारानंतर बुडी म्हणाली असती, की मला लबाडीनं आणलं, तर मी काय उत्तर देणार होतो? पण तोंडानं म्हटलं, "मी शेवट पाहत नाही," आणि छपरीतच बसून राहिलो.

आतून सिनेमाचा आवाज येत होता. सिनेमावाल्यांची ही रीत मला कधी पटली नाही. सुनेला मारायचं, मग सासूला अक्कल द्यायची. बाया पदरानं डोळे पुसत बाहेर येतात आणि घरी जाऊन सुनेला तसंच छळतात. माझा शेवट ऐकून एक सासू चालत तरी गेली.

सनईसारखं काहीतरी रडकं वाजलं आणि थांबलं. बुडी बाहेर आली, माझ्यासमोर बसली आणि शेंगा पुढ्यात ओढल्या.

"मेली ते," ती म्हणाली.

नात दारात होती. "पाहिलं ना, आजी? आबाजीनं फसवलं तुले. अन् तू आली."

बुडी शेंगा सोलतच होती. "मी का सिनेमासाठी आली होती, वं? माही सासू आली मनून आली. ते तर खरीच होती. चालून चालून टाचेले फोड आला होता तिच्या. रात्री म्याच तेल लावलं."

तो फोड मला ठाऊकच नव्हता.

आता नात म्हणते, गोंदियात चांगली टॉकीज आहे, दोघंही चला, घरची गाडी आहे, घाई नाही. मी सांगितलं, येईन. पण पडद्यावरचे रडायला लागले की मी उठणार. ज्याला बसायचं त्यानं बसावं.

"मीबी उठीन," बुडी म्हणाली. "पण मंग शेवट?"

म्हटलं, वाटेत सांगतो.