चिंगीला मी उपाशी ठेवलं होतं

डॉक्टरबाईंनी रक्ताची नळी उजेडात धरली. तांबड्या रक्ताच्या वर जे पाणी सुटलं होतं, ते दुधासारखं पांढरं होतं.

“हायपरलिपीमिया. रक्तात चरबी उतरलीय, आजोबा. हिला उपाशी कुणी ठेवलं?”

“वैरण समोरच हाय की,” मी म्हणालो. ती त्याच सकाळी टाकली होती, बाई येणार म्हणून.

चिंगी आमची तट्टाणी, बुटकी घोडी. रंकाळ्यावर पोरांना फिरवायची. येणारा-जाणारा तिला गूळ भरवायचा, मीही भरवायचो. मानेवर चरबीची वळी आली. वजन हळूहळू उतरवा, असं बाईंनी आधीच बजावलं होतं. पण माझा जन्म तालमीत गेला. कुस्तीआधी पैलवानाचं वजन जास्त भरलं, की खाणं बंद करून त्याला पळवायचं, ही आमची रीत. चिंगीला तेच केलं. नुसतं पाणी आणि दौड. ती गव्हाणीचं लाकूड चाटायची आणि मी खूश व्हायचो. शेवटी वैरण टाकली, तर तिनं तोंड फिरवलं.

जाड तट्टू उपाशी राहिलं, की अंगातली चरबी एकदम रक्तात सोडतं. यकृत चरबीनं भरून जातं आणि बंद पडतं. बाईंनी नळीनं पोटात ग्लुकोजचं पाणी सोडलं, सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी चिंगी गेली.

पुतण्या गल्लीभर ओरडला, “धडधाकट घोडी हुती! बाईच्या सुईनं मारली!” मी गप्प बसलो. लोकांनी बाईंना बोलावणं सोडलं. त्या बोंबलणाऱ्या तोंडाची मला चीड येते. माझ्या मिटलेल्या तोंडाची त्याहून जास्त.

परवा हातकणंगल्याला पाहुण्यांकडे गेलो. त्यांचं तट्टू गोलमटोल आणि गव्हाण रिकामी.

“उपास घातलाय, वस्ताद. तुमचीच विद्या!”

“आधी वैरण टाक. डॉक्टरबाईंना बोलव.”

“ती सुईवाली? तुमची घोडी मारली की तिनं!”

“मी मारली! उपाशी ठिवून मी मारली! सांग जा गावाला!”

तुमचं जनावर जाड असेल, तर गूळ, चंदीचे दाणे, उसाच्या शेंड्यांचं वाडं बंद करा. वाळलं गवत पाण्यात भिजवून, निथळून, मापानं द्या. पण तोंड कधी बांधू नका, आणि डॉक्टरांशी खोटं बोलू नका.

फोन मीच लावला. बाई आल्या. मी काहीतरी बोलायला गेलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं. आधी गव्हाणीत वाकून बघितलं.