वक्रबाईंचं मत

शाळेत त्यांना सगळे वक्रबाई म्हणत. त्या वरच्या वर्गांना गणित शिकवायच्या आणि फळ्यावर कोणताही वक्र खडूनं एका दमात काढायच्या. मध्ये हात उचलायचा नाही, पुसायचं नाही. पण नाव काही तेवढ्यावरून पडलेलं नव्हतं. बाईंचं बोलणंही फारसं सरळ नसे. एखाद्या मुलाचं गणित साफ चुकलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "उत्तर छान आलंय. आता हे कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते शोधू या." मुलं हसायची, ज्याचं चुकलं तोही हसायचा.

मागच्या हिवाळ्यात त्यांचा उजवा खांदा धरला. आधी नुसता ठणकायचा, मग हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले आणि वेळ लागेल असंही सांगितलं. किती, ते मात्र सांगितलं नाही. तेव्हापासून फळ्याचा खालचा अर्धा भागच बाईंच्या वाट्याला उरला. वक्र वर चढायला लागला की तिथेच थांबायचा आणि बाई म्हणायच्या, "इथून पुढे तो असाच वर जातो, मनात काढा." मागच्या बाकांवरची मुलं उभी राहून बघायची. डावा हात त्यांनी वापरून पाहिला, पण त्यातून निघालेला वक्र पाहून त्यांनीच तो चटकन पुसून टाकला.

थकवा नुसता खांद्याचा नव्हता. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, तपासायच्या वह्यांचा ढीग कधी कमी व्हायचा नाही आणि तेच तेच धडे शिकवून आवाजालाही गंज चढल्यासारखं झालं होतं. कधी कधी शिकवता शिकवता त्यांना वाटायचं, हे वाक्य आपण आजच बोललो की गेल्या वर्षी?

अशात एका दुपारी मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावलं. एका कंपनीनं आलेख काढणारे भारी कॅल्क्युलेटर नमुन्यादाखल सत्रभर वापरायला दिले होते. बाईंनी ते वर्गात वापरून बघावेत, गुणदोष पारखावेत आणि सत्र संपताना मत द्यावं. त्या हो म्हणाल्या तर वरच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला यंत्र मिळणार होतं.

"तुमचा खांदाही वाचेल," मुख्याध्यापक म्हणाले. आवाजात काळजीच होती. मग खिडकीकडे बघत त्यांनी उरलेलं सांगितलं. काही पालकांनी तक्रार केली होती, मागून काही दिसत नाही म्हणून. यंत्र नाही आलं तर पुढच्या वर्षी बाईंना खालचे वर्ग द्यावे लागतील. तिथे फळ्यावर इतकं काढावं लागत नाही.

यंत्रांचा खोका डाव्या काखेत मारून बाई बाहेर पडल्या.

घरी त्यांचे यजमान वाट बघत होते. ते पूर्वी लिफ्ट दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यावर दुरुस्त करायला काही उरलं नाही, म्हणून घरातल्या चांगल्या चाललेल्या वस्तू उघडून बघायचे. बाईंनी त्यांना आधीच बजावलं, "अहो, याचे स्क्रू काढायचे नाहीत. हे शाळेचं आहे." ते हिरमुसले, पण चष्मा लावून त्यांनी माहितीपुस्तक उचललं. मग चहा निवेपर्यंत ते मोठ्यानं वाचत गेले आणि बाई बटणं दाबत गेल्या.

एकेका बटणावर तीन तीन गोष्टी लिहिलेल्या, तीन रंगांत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. मेन्यूत मेन्यू आणि त्याच्या पोटात आणखी एक मेन्यू. एकदा आत शिरल्यावर बाहेर यायचं कसं, हे यजमानांनाही पुस्तकात सापडेना. शेवटी एक साधा वक्र टाकला, एक्सचा वर्ग अधिक पन्नास. पडदा कोराच राहिला.

"बिघडलंय," यजमान आशेनं म्हणाले.

बिघडलेलं नव्हतं. यंत्र उभ्या अक्षावर उणे दहा ते दहा एवढंच दाखवत होतं आणि वक्र त्याच्या कितीतरी वर होता. बाईंनी दिसणाऱ्या भागाची ही खिडकी मोठी केली तसा तो आला. मग साइनचा आलेख काढला, तर तो जवळजवळ आडवा झोपलेला. कोन अंशात धरले जात होते, रेडियनमध्ये नाही. दोन्ही वेळा यंत्र खरं तेच दाखवत होतं. पण ज्याला हे आधीच ठाऊक नाही, त्याला ते खोटंच वाटलं असतं. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

तरीही खिडकी नीट लावल्यावर जो वक्र उमटला, त्यावरून त्यांनी बोट फिरवून पाहिलं. असा त्यांनाही कधी जमला नव्हता. आणि खांदा अजिबात दुखला नव्हता.

वर्गात यंत्र केबलनं जोडलं की आलेख समोरच्या भिंतीवर दिसायचा, शेवटच्या बाकापर्यंत. मुलं खूश झाली. पहिले काही तास गोंधळात गेले. कुणाचा सेल संपायचा, कुणी भलतंच बटण दाबून आत कुठेतरी अडकायचं आणि तास संपेपर्यंत परतायचं नाही. पण हळूहळू हात बसले. भौतिकशास्त्राचे सर तर या यंत्रावर जीव टाकायला लागले. प्रयोगातले आकडे भरायचे की रेषा तयार. वय कमी, उत्साह दांडगा, येता जाता बाईंना विचारायचे, "मग, हो ना?"

त्या वर्गात एक मुलगी होती. अंगानं बारीक, कोपऱ्यात बसणारी. मुलं तिला टाचणी म्हणायची. गणितात ती केव्हाच मागे पडली होती. बेरीज-वजाबाकीतच इतकी दमायची की आलेखापर्यंत पोचेपर्यंत तास संपायचा. बाईंनी तिच्यापुढे, खरं सांगायचं तर, हात टेकले होते. ती त्रास देत नव्हती, एवढंच पुरेसं मानलं होतं.

एक दिवस मधल्या सुट्टीत सगळे बाहेर गेले आणि टाचणी यंत्र घेऊन बसून राहिली. बाई वह्या आवरत होत्या. टाचणी एक्सच्या वर्गाच्या आधीचा आकडा बदलत होती. आकडा वाढवला की वक्र मिटायचा, कमी केला की पसरायचा, उणे केला की उलटा व्हायचा. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली.

"बाई, हा आकडा शून्य केला की तो सरळ का होतो?"

बाईंनी वह्या खाली ठेवल्या. दोन वर्षांत या मुलीनं त्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न होता. त्या तिच्या शेजारी जाऊन बसल्या, पण उत्तर दिलं नाही. म्हणाल्या, "तूच सांग. तिथे शून्य ठेवलंस म्हणजे काय काढून टाकलंस?"

टाचणीनं पडद्याकडे बघितलं, मग कागदाकडे. "वर्गच गेला," ती म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे वाकवणारा तोच होता."

त्या दिवशी बाई घरी पोचल्या तेव्हा त्यांचा खुललेला चेहरा बघून यजमानांनी विचारलं, आज खांदा बरा आहे का. तो तसाच होता.

काही दिवसांनी त्यांनी चाचणी घेतली. त्यातला एक वक्र त्यांनी मुद्दाम निवडला होता. तो आडव्या अक्षाला एक आणि एक पूर्णांक पाच शतांश अशा दोन ठिकाणी छेदत होता. दोन्ही जागा इतक्या जवळ की यंत्राच्या पडद्यावर वक्र अक्षाला एकदाच टेकतो असं दिसावं. प्रश्न एवढाच, मुळं किती, म्हणजे अक्षाला छेद किती ठिकाणी? सूत्रात आकडे घातले असते तर दोन ओळींत कळलं असतं. वर्गातल्या बहुतेक सगळ्यांनी 'एक' लिहिलं. दर वर्षी पहिला येणारा वर्गाचा मॉनिटर, त्यानंही.

तो वही घेऊन टेबलापाशी आला. त्याला राग आला नव्हता, नवल वाटलं होतं. "पण बाई, दिसतं तर एकच."

"तू मोजलंस का?"

"दिसतंय म्हटल्यावर कशाला मोजू?"

बाईंना जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. आपणच खड्डा खणायचा आणि मुलं पडली की यंत्राला दोष द्यायचा, यात काय मिळवलं? पण हाच मुलगा आधी सूत्र मांडल्याशिवाय पुढे जात नसे, हेही खरं होतं. टाचणीला जो 'का' मिळाला होता, तोच याच्या हातून निसटत होता. शिवाय शेवटच्या मोठ्या परीक्षेला हे यंत्र आत न्यायला परवानगीच नव्हती. वर्षभर कुबडी द्यायची आणि पळायच्या दिवशी काढून घ्यायची.

मत द्यायचा दिवस जवळ आला तशी त्यांची झोप उडाली. आपल्या जागी दुसरी कुणी बाई हे यंत्र पारखत असती तर काय म्हणाली असती, हे त्यांना कळेना. यंत्राबद्दल काही चांगलं मनात आलं की लगेच खांदा मध्ये यायचा. वाईट मनात आलं की वाटायचं, पंचवीस वर्षांची आपली कला ते एका बटणानं करतं, म्हणून तर नाही ना हा राग?

शेवटी त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "अगं, ते चांगलं आहे म्हणून हो म्हणणार आहेस, की तुला हवंय म्हणून?"

"मलाच कळत नाही," बाई म्हणाल्या.

यजमान विचारात पडले. आता काहीतरी शहाणपणाचं ऐकायला मिळेल म्हणून बाई थांबल्या. थोड्या वेळानं बघितलं तर ते खुर्चीतच झोपले होते.

बैठक शिक्षकांच्या खोलीत झाली. बाईंनी यंत्र जोडलं आणि तोच वक्र भिंतीवर लावला. किती मुळं, म्हणून विचारलं. बरेचजण एक म्हणाले. बाईंनी त्या जागी झूम केलं, पुन्हा केलं, तेव्हा वक्र अक्षाखाली किंचित बुडून वर येताना दिसला. भौतिकशास्त्राचे सर हसले आणि म्हणाले, अंश-रेडियनच्या घोळात आपण स्वतः एक अख्खा प्रयोग चुकवला होता, कुणाला सांगितलं नव्हतं इतकंच. मग बाईंनी टाचणीची गोष्ट सांगितली. तिचं नाव घेतलं नाही.

मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिलं. "म्हणजे हो की नाही, बाई? अर्ध्या मुलांना देऊन चालणार नाही. द्यायचं तर सगळ्यांना."

बाई उभ्या होत्या, त्या बसल्या.

"आधी एक ऐका," त्या म्हणाल्या. "माझा खांदा गेलाय. हे यंत्र आलं तर माझी सोय होते, नाही आलं तर माझे वर्ग जातात. हे तुम्ही सगळ्यांनी लक्षात ठेवा आणि मग माझं मत किती धरायचं ते ठरवा. माझं मत हो आहे. जी मुलं मागे राहिलीत त्यांना यातून दिसतं, जे मला कधी दाखवता आलं नाही. पण पुढची मुलं यानं आळशी होतील. म्हणून आधी कागदावर हातानं काढायचं, मग यंत्रात बघायचं. प्रत्येक वर्गात. हे होणार नसेल तर माझं मत नाही."

मुख्याध्यापकांनी अट लगेच मान्य केली, दमलेल्या माणसाचं बोलणं मान्य करतात तशी. जिन्यावर बाईंच्या कानावर आलं, खाली कुणीतरी म्हणत होतं, खांद्यासाठीच केलं सगळं, निदान स्वतःच बोलली ते बरं. बाईंनी चालायचा वेग वाढवलाही नाही आणि कमीही केला नाही.

यंत्रं आली. बाईंच्या वर्गात अट पाळली गेली, बाकी कुठे नाही. त्यांनी दोनदा आठवण करून दिली, तिसऱ्यांदा दिली नाही. वर्षाअखेरीस निकाल साधारण पूर्वीसारखाच लागला. खालची मुलं जरा वर आली, वरची जरा घसरली. मुख्याध्यापकांनी सभेत खालची वर आली एवढंच सांगितलं. मॉनिटरला यंत्राविना परीक्षेत काही अडचण आली नाही. सूत्र मांडायची सवय त्याला पुन्हा लागली होती, आणि त्यासाठी बाईंना उरलेलं वर्षभर त्याच्याशी वाद घालावा लागला होता.

टाचणी काठाच्या थोडी वर राहून पास झाली आणि पुढे तिनं गणित सोडलं. एकदा रस्त्यात ती बाईंना भेटली तेव्हा तिनं ते स्वतःहून सांगितलं, जरा ओशाळून. "गणित सोडलं, बाई. पण सोडताना वाईट वाटलं."

"माझ्या वर्गातल्या मुलांना गणित सोडताना आनंदच होतो," बाई म्हणाल्या. "वाईट वाटलेली तू पहिलीच."

दोघीही हसल्या. मग टाचणीची बस आली आणि ती गेली. बाई फाट्याकडे चालत निघाल्या, वाटेत एका पायरीवर टेकल्या, पिशवी डाव्या हातातून मांडीवर घेतली. घरी यजमान वाट बघत असणार हे ठाऊक असूनही टाचणीचं 'वाईट वाटलं' मनात घोळवत त्या तिथे जराशा बसून राहिल्या.