छपरावर लिहिलं: मऊ

लोम्निस गावात सगळ्यात मोठं छप्पर लुडमिला ह्रुश्काच्या गवताच्या कोठाराचं होतं. त्या छपरापायी गावानं तिला आधी डोक्यावर घेतलं आणि मग त्याच छपरापायी खाली आपटलं. एरवी गावाला तिची आठवण व्हायची ती गुरांना चारा हवा असेल तेव्हाच. नवरा गेल्यापासून कोठार ती एकटीच चालवायची. गवताच्या गाठी ओढायची, घोडे जुंपायची आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायची. लोक म्हणायचे, लुडा फार फटकळ. खोटं कशाला बोला, होतीच ती फटकळ.

अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या त्या सपाट मुलखात वरून बघणाऱ्याला सगळी गावं एकाच साच्यातली दिसतात. रुळांची रेघ, धान्याचं उंच कोठार, चर्चचं टोक, संपलं गाव. विमानं नवी होती त्या वर्षांत ती चालवणाऱ्यांकडे असायचं तरी काय? एक होकायंत्र, रेल्वेचा नकाशा आणि कुठल्या गावाला उतरायला कसलं मैदान आहे ते सांगणारं सरकारी पत्रक. ढग खाली आले की बिचारे रूळ धरून यायचे आणि स्टेशनावरची पाटी वाचायला इतके खाली उतरायचे की कोंबड्या अंडी घालायच्या थांबत. म्हणून मग गावोगाव छपरावर नाव रंगवायची पद्धत पडली. मोठ्या अक्षरांत गावाचं नाव, आणि मैदान ज्या अंगाला असेल तिकडे बाण.

लोम्निसचं छप्पर ठरलं ते लुडाचं. व्यापारी मंडळाचा अध्यक्ष व्हेंसिल ह्रुश्का, म्हणजे तिचा दीर, बायकोनं केलेल्या आलुबुखाराच्या कोलाच्यांचं, म्हणजे गोड भरल्या पावांचं, ताट घेऊन स्वतः आला. हा व्हेंसिल कापडाचा दुकानदार. बोलायला लागला की मांजरपाटाचं रेशीम करील. लुडानं तीन कोलाचे खाल्ले आणि हो म्हणाली. पुढे पिवळीधमक अक्षरं उमटली तेव्हा तिला अभिमानही वाटला, रस्त्याच्या पलीकडे जाऊन जाऊन ती बघायची. पत्रकासाठी मैदानाची माहितीही व्हेंसिलनंच लिहून पाठवली: सपाट, टणक, बारमाही.

ऑगस्टात ती खरीच होती. ऑगस्टात त्या मैदानावर कुदळ मारली तर कुदळच वाकली असती.

पण मार्चात तिथली जमीन वरून विरघळते आणि खाली मात्र गोठलेलीच राहते. पाणी मुरायला जागा नाही. वर गवताचं कोवळं हिरवं पातं डोलत असतं आणि खाली नुसती लापशी. आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. त्या दिवसांत तिकडे गाय जरी गेली तरी शिव्या देत हाकलून आणतात. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. आणि आकाशातून येणाऱ्याला तर ते हिरवं दिसतं तेवढंच.

ऑरिन टेट नावाचा वैमानिक असाच फसला. पावसानं त्याची वाट चुकली होती, तेल संपत आलं होतं. लुडाच्या छपरावरचं नाव दिसलं, त्यानं पत्रक उघडून पाहिलं आणि बाणाच्या दिशेनं सरळ उतरला. चाकं टेकली ती रुतलीच. शेपूट वर गेलं आणि विमान नाकावर उभं राहून पाठीवर पडलं. लुडानं आपले दोन्ही घोडे जुंपून नेले, तो उलटा लटकत होता त्याला पट्ट्यातून सोडवला. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, पुढचे दात गेले होते. डॉक्टर येईपर्यंत तो तिच्या स्वयंपाकघरात चुलीशी बसून होता. तिनं पाजलेलं सूप त्याच्या ओठांतून ओघळत होतं.

तो तिच्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. तो बिचारा माफी मागत होता. "तुमचा बाण बघितला आणि जिवात जीव आला बघा," तो बोबड्या आवाजात म्हणाला. "वाटलं, चला, सुटलो."

लुडाला ते वाक्य गिळताच येईना. तुमचा बाण, म्हणाला तो. व्हेंसिलचा नाही, मंडळाचा नाही. आपल्या घरादारावर उभं राहून आपण एका परक्या पोराला हाका मारमारून खड्ड्यात बोलावलं असं तिला झालं, आणि तिला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली की लुडा रडत नसे, भांडायला जात असे.

ती तडक व्हेंसिलच्या दुकानात गेली. व्हेंसिलचं म्हणणं तयारच होतं. विमानवाला नवशिका असणार, कदाचित प्यालेलाही असेल, आपलं मैदान चांगलंच आहे. पत्रकातला शब्द बदलावा असं तिनं म्हटल्यावर मात्र त्यानं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. एक विमान कंपनी या हवाई मार्गावर थांबा शोधत होती. लोम्निस नाहीतर शेजारचं डॉरन्स, दोघांपैकी एक. कंपनीचा माणूस ईस्टरनंतरच्या रविवारी स्वतः विमानानं यायचा होता. तोवर गावानं तोंड शिवून बसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"आणि तोच उलटा पडला तर?" लुडानं विचारलं.

व्हेंसिल म्हणाला, देव आहे. तोवर ऊन पडेल.

दुसऱ्या दिवशी लुडा रंगाची बादली आणि चुना मारायचा कुंचला घेऊन छपरावर चढली. खालच्या कडेची तिला भीती वाटायची म्हणून ती वरच्या आढ्यावर पाय सोडून बसली आणि तिथून खाली वाकून बाणाशेजारी माणसाएवढ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला: मऊ. वैमानिकांच्या पत्रकात भिजल्या जमिनीला हाच शब्द असे, टेटनंच तिला सांगितलं होतं. वरून लिहिल्यामुळे तो गावाच्या नावाच्या मानानं उलटा झाला. लोक खाली जमून हसले तेव्हा ती म्हणाली, "वर फिरणाऱ्याला उलटं काय नि सुलटं काय. तुम्ही खाली आहात, तुमच्यासाठी नाही ते."

आता खरी गंमत झाली ती शब्दाची. मैदान मऊ असं तिला म्हणायचं होतं. पण छपरावर वाचताना वाचलं जायचं लोम्निस मऊ. डॉरन्सवाल्यांना आयतंच कोलीत मिळालं. शनिवारच्या नाचाला त्यांचा अकॉर्डियनवाला भर सभेत म्हणाला, मऊ गावच्या मंडळींनी जरा जपून पोल्का नाचावा, पाय रुतायचे. धान्य घालायला गेलेल्या लोम्निसच्या शेतकऱ्याला तिथला हमाल गालाला बोट लावून बघायचा, किती मऊ आहे ते. ज्या आज्यांच्या हातांना बैलांच्या कातड्याइतके घट्टे होते त्या म्हाताऱ्याही मऊ ठरल्या. माणूस मेलेला चालतो गावाला, पण हसं झालेलं चालत नाही. टेटचं हाड मोडलं त्या दिवशी एकाचीही झोप उडाली नव्हती. आता सगळं गाव जागं झालं.

गिऱ्हाइकं चारा आणायला पार डॉरन्सला जायला लागली, म्हणजे आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन. पाद्रीबाबांनी गर्वावर प्रवचन दिलं आणि बघितलं मात्र लुडाकडे. ते सगळं तिनं अंगावरून जाऊ दिलं. लागलं ते एकच. व्हेंसिलची बायको आल्बिना, जिच्याशी वीस वर्षं ती भिंतीपलीकडून बोलत आली होती, तिनं चर्चमध्ये बाकावर लुडासाठी सरकायचं सोडलं. लुडा मागे, थंड दाराशी बसायला लागली. तिथे तिला एकदा रडू आलं आणि ते तिनं सर्दीवर ढकललं. पण कुंचला घेऊन परत वर जावं असं काही तिला वाटलं नाही.

व्हेंसिल दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा गोड बोलला, दुसऱ्यांदा म्हणाला, छप्पर माझ्या भावानं घातलंय.

"घातलं त्यानं, गळतं माझ्या डोक्यावर," लुडा म्हणाली. "जा आता."

तो रविवार उजाडला. आदल्या दिवशी पाऊस पडला होता. लुडा प्रार्थनेला गेली, आणि मंडळाची माणसं गेली नाहीत हे तिच्या उशिरा लक्षात आलं. बाहेर येऊन बघते तर छपरावर मळणीच्या ढिगावर घालायची भलीमोठी ताडपत्री. शब्द झाकलेला, बाण मोकळा. चारी कोपऱ्यांना दोर, आणि शिडीशी व्हेंसिल रविवारच्या कोटात उभा. गावचा बँड केव्हाच मैदानाच्या कडेला जाऊन थांबला होता. पूर्वेकडून घरघर ऐकू यायला लागली.

लुडानं कोठारात जाऊन गवत कापायचा सुरा आणला. व्हेंसिल शिडीच्या आडवा आला. तो काही दुष्ट माणूस नव्हता. गाव ओस पडेल, पोरं शहरांकडे जातील या भीतीनं त्याला खरोखर पोखरलं होतं.

"लुडा, पाया पडतो," तो म्हणाला. "एकच दिवस. एकदा तो उतरला की मी स्वतः लिहितो मऊ."

"उतरला की लिहिशील ते दगडावर," लुडा म्हणाली. "त्याच्या थडग्याच्या. हो बाजूला."

"मी नाही होणार."

"मग शिडी घट्ट धर. मी पडले तर तुझ्याच अंगावर पडेन."

आणि ती चढायला लागली. चांगल्या लांब काळ्या झग्यात, दातात सुरा धरून, पन्नाशीची बाई. व्हेंसिलनं शिडी धरली. का धरली ते त्यालाही सांगता आलं नसतं. वहिनी पडू नये एवढंच तेव्हा हातांना कळलं असेल. तिनं एक दोर कापला, मग दुसरा. ओली ताडपत्री घसरत आली ती थेट त्याच्यावर, आणि मंडळाचा अध्यक्ष तिच्याखाली धडपडत राहिला. लोक हसायचंही विसरले, कारण विमान वर आलं होतं.

विमानानं एक गिरकी घेतली. दुसरी इतक्या खालून घेतली की आतल्या माणसाचा चष्मा दिसला. तिकडे मैदानाच्या कडेला बँडनं वाजवायला सुरुवात केली. पण मोठी तुतारी वाजवणारा पुढे व्हायला गेला, त्याचा बूट चिखलातच राहिला आणि सूर मध्येच तुटला. विमानानं पंख हलवले, नाक वळवलं आणि ते डॉरन्सकडे गेलं. तिकडची जमीन वाळूची होती. थांबाही तिकडेच गेला.

त्यानंतर गावानं तिला माफ केलं असं कुणाला वाटत असेल तर त्यानं गाव बघितलेलं नाही. बरं झालं माणूस वाचला, असं एकही जण म्हणाला नाही. वाचलेल्या माणसाचं काही दिसत नाही ना. बुडालेला थांबा मात्र रोज डोक्यावरून डॉरन्सकडे उडत जायचा. आल्बिना बाकावर सरकली नाही.

जूनमध्ये वारा सुटला, ऊन तापलं, मैदानाला भेगा पडल्या. एके सकाळी लुडा पुन्हा छपरावर दिसली. आढ्यावर बसून ती तो शब्द काळ्या रंगानं पुसत होती. बातमी दुकानापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. व्हेंसिल आला, त्याच्यामागे आणखी चारजण. इतक्या महिन्यांनी त्याच्या तोंडावर हसू होतं.

"शेवटी आली म्हणायची अक्कल," तो खालून म्हणाला.

"अक्कल नाही, जमीन सुकली," लुडा कुंचला न थांबवता म्हणाली. "आता मऊ लिहिलं तर तेही खोटंच. मार्चात पुन्हा लिहीन. पाद्रीबाबांना पुन्हा प्रवचनाला उभं करायचं तर आताच सांगून ठेव."

व्हेंसिलचं हसू गेलं. मग त्यानं विचारलं, आणि या वेळी आवाजात टोमणा नव्हता, नुसता थकवा होता.

"कुणासाठी गं हे सगळं? थांबा गेला. आता या गावात उतरणार कोण?"

"वाट चुकलेला," लुडा म्हणाली, आणि उरलेलं अक्षर पुसायला तिनं कुंचला बादलीत बुडवला.