कार्बनच्या कांड्या आणि मी

गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा आमचे हे तुमसरच्या एका टॉकीजमध्ये सिनेमाचं मशीन चालवत. त्या मशीनच्या दिव्यात बल्ब नव्हता. कार्बनच्या दोन कांड्या टेकवून जरा दूर केल्या, की मधल्या फटीत डोळे दिपवणारी ज्योत पेटे. कांड्या झिजत, फट वाढे, म्हणून हे सारखे काळ्या काचेतून बघत चकरी फिरवत. लेकरं नागपूरला, घरात मी एकटी. दुपारी डबा घेऊन गेले, तरी यांची मान माझ्याकडे वळेना.

चाळिशीची घोडी मी, ज्योतीवर जळायची! एकदा हे शेजारच्या दुसऱ्या मशीनवर पुढचं रीळ चढवत होते, तेव्हा दिव्याचं दार उघडून नुसत्या डोळ्यांनी पाहिलंच. संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं.

"काहून पाहिलं वो?"

"तुमी दिवसभर कोणाले पाहता, ते पाहाले."

हे हसले. सुटी टाकून डोळ्यांवर ओल्या पट्ट्या ठेवत बसले. डोळे दोन दिवसांत बरे झाले. मी चार दिवस सांगितलंच नाही.

आता टॉकीज नाही, हेही नाहीत. परवा मोतीबिंदूची पट्टी काढून नर्सने विचारलं, "आजी, दिसते न?"

लख्ख दिसत होतं.

"नाही वो माय," म्हटलं, "बस जराशी."